दोन रंगांची बारव : परभणीतील एका वही-संचाचे प्रकरण

परभणीतील एका तरुण चित्रकर्तीने आणि तिच्या थोरल्या भावाने मराठवाड्यातील बारवांवर, म्हणजे पायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या जुन्या दगडी विहिरींवर, चार छोट्या वह्यांचा संच आणि एक पोस्टर काढायचे ठरवले, तेव्हा चित्रे आधीच तयार होती. छत्रपती संभाजीनगरला कलाशिक्षण घेऊन परतलेल्या या मुलीने टॅबलेटवर रंगवलेली ती चित्रे देखणी होती. शेवाळलेल्या पाण्याचा हिरवा, काळ्या पाषाणावर उतरलेले तिन्हीसांजेचे ऊन आणि पायरीगणिक विरत जाणारी सावली हे सारे त्यांत होते. मात्र ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या कागदावर आणि किती प्रतींत छापायची, या प्रश्नाला चित्रे पूर्ण होईपर्यंत कोणी हात घातला नव्हता.

छपाईपूर्व कामाच्या सल्ल्याच्या निमित्ताने हे प्रकरण मला जवळून पाहता आले. ते तपशिलाने मांडण्याचे कारण असे की, लहान गावांतून वह्या, दिनदर्शिका, पोस्टर अशा कामांत उतरू पाहणाऱ्या तरुणांपुढे हाच पेच पुन:पुन्हा उभा राहतो. माझे मत स्पष्ट आहे. थोड्या प्रतींच्या छपाईत कागदाचे माप, शायांची संख्या आणि यंत्राचा आवाका या तीन गोष्टी चित्राची पहिली रेघ ओढण्याआधी ठरल्या पाहिजेत, कारण त्या चित्राच्या बाहेरच्या गोष्टी नसून चित्राची सामग्रीच आहेत.

विषयाची निवड

मराठवाड्याला बारवा नव्या नाहीत. परभणी जिल्ह्यातच जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची बारव आहे, सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव आहे. वास्तुशास्त्रावरील जुन्या परंपरेत बारवांचे प्रवेशांच्या संख्येवरून चार प्रकार सांगितले आहेत: एक प्रवेश असलेली नंदा, दोन प्रवेशांची भद्रा, तीन प्रवेशांची जया आणि चार प्रवेशांची विजया. प्रवेशांच्या तिप्पट कूट, म्हणजे उतरणीवरील मंडपवजा टप्पे, असाही हिशोब त्यात आहे. नंदेला ३, भद्रेला ६, जयेला ९ आणि विजयेला १२. चार प्रकार आणि चार वह्या हे गणित भावंडांना सहज सुचले होते आणि ते योग्यच होते. संचाला बाहेरून लादलेला विषय आणि संचाच्या आत मुळातच असलेली रचना यांतला फरक ग्राहकालाही जाणवतो.

एक निर्णय मात्र त्यांनी फार विचारपूर्वक घेतला आणि तो मला विशेष महत्त्वाचा वाटतो. वहीवर अमुक गावची बारव असे न लिहिता फक्त प्रकाराचे नाव द्यायचे, असे त्यांनी ठरवले. अनेक बारवा गाळाने भरलेल्या आहेत, कुठे एखादी बाजू ढासळली आहे, कुठे नंतरच्या काळात भिंत घातली आहे. अशा ठिकाणी जागेवर उभे राहूनही तिसरा प्रवेश मुळात नव्हता की बुजला, हे सांगणे अवघड होते. खात्री नसलेली ओळख शेकडो हातांत जाणाऱ्या छापील वस्तूवर टाकू नये. पोस्टरवर मात्र वालूरचे नाव निःशंकपणे टाकता येत होते, कारण तिथल्या पायऱ्यांची चक्राकार उतरण दुसऱ्या कशाशी गल्लत होण्यासारखी नाही.

पेच

भावाचा आग्रह असा होता की, चित्रे आहेत तशी मोठ्या शहरात पाठवावीत आणि डिजिटल यंत्रावर चार रंगांत छापून घ्यावीत. हा आग्रह अगदीच चुकीचा नव्हता. प्रती शंभराच्या आत असतील तर डिजिटल छपाईच परवडते, कारण तिथे ज्यावरून चित्र छापले जाते त्या पत्र्याचा, म्हणजे प्लेटचा, खर्च नसतो. पण डिजिटलमध्ये पहिल्या प्रतीला जो खर्च येतो जवळजवळ तोच पाचशेव्या प्रतीलाही येतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या यंत्रात, प्लेटचा आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच होतो आणि प्रती वाढतील तसा तो वाटला जातो. भावंडांना प्रत्येक प्रकाराच्या १२५ अशा ५०० वह्या हव्या होत्या. शिवाय दुसरी आवृत्ती काढताना पुन्हा बाहेरगावी जावे लागू नये, अशी त्यांचीच इच्छा होती.

परभणीत त्यांच्या आवाक्यात दोन ठिकाणे होती. एक छापखाना पावतीपुस्तके, हँडबिले आणि शाळांचे अर्ज छापणारा. त्याच्याकडे १५ × २० इंचांपर्यंतचा कागद घेणारे एका रंगाचे मिनी ऑफसेट होते. दुसरे होते लग्नपत्रिका करणाऱ्या स्क्रीन प्रिंटरचे छोटेसे दुकान. छापखान्याच्या मालकांनी चित्रे पाहून कौतुक केले आणि सरळ सांगितले की, ताई, चार रंग काढायचे तर कागद यंत्रातून चार वेळा न्यावा लागेल, आणि चौथ्या वेळेपर्यंत रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणे, जुळेल याची हमी मी देणार नाही. ते खरेच होते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी होते, कागद ओलावा सोडून आक्रसतो आणि त्याच्या कडा वळतात. पहिला रंग सकाळी आणि दुसरा संध्याकाळी छापला तरी दोन रंगांत केसभर फट दिसू लागते. चार रंगांच्या चित्रात ही फट म्हणजे धूसरपणा.

येथे चित्रकर्तीने निर्णय घेतला की चित्रे नव्याने काढायची आणि ती दोनच शायांत काढायची: गडद निळी आणि विटकरी. जिथे दोन्ही एकमेकींवर येतील तिथे आपोआप तिसरा, काळपट तपकिरी रंग मिळेल. हिरवे पाणी आणि सांजेचे ऊन यांवर तिने पाणी सोडले. हे नुकसान खरे होते आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या चित्रांत जी हवा होती ती दुसऱ्या चित्रांत नाही. पण बारवेच्या बांधणीत जे मुळात आहे, म्हणजे पायऱ्यांच्या समांतर रेषा, कोनाड्यांचा काळोख आणि वरून पाहताना दिसणारी भूमिती, ते दुसऱ्या चित्रांत अधिक ठाशीव आले.

कागदाचे माप

वही ए५ मापाची असावी, असे सुरुवातीला गृहीत धरले होते. ए५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, सुमारे ५.८ × ८.३ इंच. १५ × २० इंचांच्या कागदावर एकाच दिशेने मांडली तर अशी चारच पाने बसतात आणि कागदाचा ३५ टक्क्यांहून अधिक भाग कटिंगमध्ये जातो. त्याच कागदाचे आठ भाग केले तर ५ × ७.५ इंचांचे पान मिळते; तीन बाजूंनी छाटल्यावर ते ४.७५ × ७.२५ इंच राहते आणि वाया जाणारा भाग आठ टक्क्यांच्या आसपास येतो. हे जुने क्राऊन अष्टपत्री, म्हणजे १५ × २० इंचांच्या क्राऊन तावाच्या आठव्या भागाचे, माप आहे. हातात धरायला, शबनममध्ये टाकायला आणि गुडघ्यावर ठेवून चित्र काढायला ते ए५पेक्षा सोयीचे, असे माझे मत आहे, पण येथे निर्णायक ठरला तो कागदच.

६४ पृष्ठांच्या वहीला ३२ पाने, म्हणजे १५ × २० इंचांचे चार ताव लागतात. ५०० वह्यांना २००० ताव झाले. ते २० × ३० इंचांचे पूर्ण ताव मधोमध कापून मिळतात, म्हणजे १००० पूर्ण ताव, बरोबर दोन रीम. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथो या लिहिण्या-छापण्याच्या साध्या कागदाची अशी एक रीम साधारण साडेपंधरा किलो भरते. यंत्र लावताना खराब होणाऱ्या तावांसाठी थोडा जास्तीचा कागद घेतला की हिशोब पुरा झाला.

खरेदी करताना कागदाच्या तंतूंची दिशा पाहणे अत्यावश्यक होते आणि ते बहुधा राहून जाते. वहीचा कणा तंतूंना समांतर असला तर पान सहज उलटते आणि वही सपाट उघडते. आडवा गेला तर वही फुगते आणि मिटत नाही. या मांडणीत तंतू २० × ३० तावाच्या ३० इंची बाजूला समांतर हवे होते. परीक्षा सोपी आहे. तावाचा छोटा चौकोन फाडून एका बाजूने ओला केला की तो नळीसारखा वळतो, आणि नळी ज्या दिशेला लांब असेल ती तंतूंची दिशा. दुकानदारासमोर, गल्ल्यावरच्या पाण्याच्या बाटलीतून बोट बुडवून ही परीक्षा झाली, तेव्हा पहिला गठ्ठा उलट्या दिशेचा निघाला आणि बदलून घ्यावा लागला.

आतील पानांची योजना एका प्लेटवर बसवली. १५ × २० च्या एका बाजूला आठ पृष्ठे येतात. प्रत्येकावर आखणी तीच ठेवून कोपऱ्यात मात्र पायऱ्यांची आठ वेगवेगळी छोटी चित्रे घातली. चारही तावांच्या दोन्ही बाजूंना हीच प्लेट वापरल्यामुळे ६४ पृष्ठांना एका प्लेटचा खर्च आला. पायऱ्या पानागणिक एकेक उतरत जाव्यात अशी चित्रकर्तीची मूळ कल्पना होती. पण ताव घडी होऊन एकात एक बसल्यावर पृष्ठांचा क्रम प्लेटवरील क्रमापेक्षा वेगळा होतो. ती कल्पना साधायची तर आठ प्लेट लागल्या असत्या. म्हणून प्रत्येक कोपऱ्याचे चित्र स्वतंत्रपणे पूर्ण वाटेल असे काढले.

ओळींमधील अंतर ८ मिलिमीटर ठेवले आणि एका पृष्ठावर १९ ओळी घेतल्या. देवनागरीत वेलांट्या, मात्रा वर आणि उकार खाली येतात. सहा-सात मिलिमीटरच्या आखणीत खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. बाजारातल्या बऱ्याच देखण्या वह्यांची आखणी रोमन लिपीच्या सवयीने केलेली असते, हे मराठीत लिहिणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच कळते. आखणीचा रंग फिका हवा होता. निळ्या शाईची फिकी छटा संगणकावर दिली असती तर छपाईत त्या बारीक रेघेचे ठिपके झाले असते, म्हणून छापखान्यात निळ्या शाईत पांढरी मिसळूनच फिका रंग तयार केला आणि रेघ भरीव छापली.

मुखपृष्ठ आणि अक्षरे

मुखपृष्ठासाठी दौलताबाद-खुलताबाद परिसरातील कागजीपुऱ्याचा हातकागद निवडला. तेथील कागदकामाची परंपरा चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवल्याच्या काळाशी जोडली जाते. मराठवाड्याच्या विषयाला मराठवाड्याचा कागद, ही भावना त्यामागे होती, आणि ती मला मोलाची वाटते. पण केवळ भावनेवर निवड करता आली नसती. हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्याचे तंतू सुटतात, जाडी सारखी नसते, त्यामुळे तो मिनी ऑफसेटमध्ये घालणे धोक्याचे. स्क्रीन प्रिंटिंगला हे अडथळे फारसे जाणवत नाहीत, कारण तिथे शाई जाळीतून दाबून खाली उतरते आणि कागदावर जाड थर बसतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराचा खरखरीत कागदावर हात बसलेलाच होता.

२२ × ३० इंचांचा हातकागद मधोमध कापला की २२ × १५ चे दोन तुकडे होतात आणि प्रत्येकावर १० × ७.५ इंचांची चार मुखपृष्ठे बसतात. चार प्रकार, चार जागा. त्यामुळे प्रत्येक रंगाला एकच फ्रेम, म्हणजे जाळी ताणलेली चौकट, पुरली. १२५ अर्ध्या तावांवर दोन वेळा स्क्विजी, म्हणजे शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी, ओढली की पाचशे मुखपृष्ठे तयार. हातकागदाच्या कडा ओबडधोबड असतात, म्हणून आधी दोन बाजू काटकोनात छाटून घेतल्या आणि त्याच दोन बाजू टेबलावरच्या टेकूंना लावून दोन्ही रंग छापले. विटकरी आधी, निळा नंतर. उन्हामुळे शाई जाळीतच वाळू लागते, म्हणून छपाई पहाटेच सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवावी लागे.

चित्रात सूट आधीच ठेवलेली होती. विटकरी आणि निळ्या रंगांच्या सीमा एकमेकींना नेमक्या भिडवण्याऐवजी चित्रकर्तीने काही ठिकाणी त्या अर्धा मिलिमीटर एकमेकींवर चढवल्या, तर काही ठिकाणी मध्ये कागदाची पांढुरकी रेघ मुद्दाम मोकळी सोडली. छपाई थोडी सरकली तरी ती रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि दगडी सांध्यासारखी दिसते.

अक्षरांचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे मोठा निघाला. पहिल्या चाचणीत संगणकातील फॉन्टमध्ये जुळवलेले 'नंदा' हे नाव हातकागदावर छापले, तेव्हा अनुस्वार शिरोरेखेत मिसळून गेला. शाई पसरून ठिपक्याखालची बारीकशी फट बुजली होती आणि नाव 'नदा' असे वाचले जात होते. 'भद्रा'तील द्रच्या खालच्या तिरप्या रेषेचीही तीच गत. अक्षरे मोठी करून भागेना, कारण फॉन्टमधले अंतर त्याच प्रमाणात वाढते आणि तरी अपुरे पडते. शेवटी शहरात फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका वयस्क पेंटरकाकांकडून चारही नावे चपट्या ब्रशने लिहून घेतली. त्यांनी अनुस्वार शिरोरेखेपासून चांगलाच उंच आणि किंचित उजवीकडे दिला, जोडाक्षर सुटे-सुटे, ऐसपैस केले. लांबून वाचता यावे म्हणून पाटीवर जे करायची त्यांना सवय होती, तेच खरबरीत कागदावर उपयोगी पडले. माझ्या मते संपूर्ण संचात ही चार नावे सर्वांत सुंदर आहेत.

मलपृष्ठावरील छोटा मजकूर मिनी ऑफसेटवर वेगळ्या पट्टीवर छापला, म्हणून तिथे फॉन्ट चालला. पण तिथेही काळजी घ्यावी लागली. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ल आणि श यांची ठरावीक रूपे प्रमाण मानली आहेत. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये हिंदीत रूढ असलेली रूपे आधी येतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितल्यावरच मराठी रूपे मिळतात. हा तपशील सोडून चालणार नव्हते. छापखान्यातील संगणकावर जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट असल्याने फाइल उघडताच मात्रा इकडच्या तिकडे जात. सर्व अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून पीडीएफ दिल्यावर तो त्रास संपला.

अंबाजोगाईला दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले तत्त्वनिरूपण लांबलचक कापडी पासोडीवर लिहिले, ते या संदर्भात मला आठवल्यावाचून राहत नाही. ज्या पृष्ठावर लिहायचे त्याचा पोत आणि लांबी-रुंदी लक्षात घेऊन मजकूर मांडण्याची ही मराठवाड्यातली जुनी रीत आहे.

बांधणी

वहीला पिना न मारता दोऱ्याची शिलाई केली. पावसाळ्यात पिना गंजून कण्यावर डाग धरतात. व्यापाऱ्यांच्या चोपड्या शिवणाऱ्या बाइंडरने मधल्या घडीत तीन भोके पाडून हे काम केले. सोळा घड्या एकात एक बसल्यावर आतली पाने दीड मिलिमीटरने बाहेर येतात आणि छाटल्यावर तेवढी अरुंद होतात. कोपऱ्यातील चित्रे कडेपासून दूर ठेवल्याने त्यांना धक्का लागला नाही.

पोस्टर

पोस्टरही स्क्रीनवरच केले. मिनी ऑफसेटच्या रुळांना मोठे भरीव क्षेत्र सारखे रंगवता येत नाही, आणि वालूरच्या चित्रात निळ्याची भरीव क्षेत्रे मोठी होती. माप १५ × २० इंचच ठेवले.

चक्राकार पायऱ्या वरून पाहताना कडेला रुंद आणि तळाकडे अरुंद दिसतात. पहिल्या रेखाटनात प्रत्येक पायरी काढलेली होती. चाचणीत मध्यभाग बुजून निळा डाग झाला. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक फट शाईने भरते, हे कळल्यावर चित्रकर्तीने कडेला सर्व पायऱ्या, मध्ये एकाआड एक आणि तळाजवळ फक्त वळणाच्या दोन-तीन रेषा, असे तीन टप्पे केले. पाणी तिने छापलेच नाही. तिथे कोरा कागद आहे. पोस्टर भिंतीवर लावून दहा फुटांवरून पाहिले की नजर पायऱ्यांवरून फिरत त्या कोऱ्या जागेत उतरते. प्रत्येक पायरी मोजून काढलेल्या चित्रात हे घडत नव्हते.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऊन येणार, हेही धरले होते. छपाईच्या शायांत साधारणपणे लाल-पिवळी रंगद्रव्ये उन्हाने लवकर उडतात, निळी आणि काळी टिकतात. म्हणून बारवेचा सांगाडा आणि गावाचे नाव पूर्णपणे निळ्यात, आणि विटकरी केवळ उन्हाच्या बाजूला ठेवला. विटकरी पार फिकट झाला तरी पोस्टर वाचता येईल.

विक्रीनंतरचे प्रश्न

चार मुखपृष्ठे एका फ्रेममध्ये घेतल्यामुळे खर्च कमी झाला, पण चारही प्रकार समसमानच छापले गेले. संच म्हणून कागदी पट्टीत बांधून दिलेल्या वह्या व्यवस्थित गेल्या. पुस्तकविक्रेत्यांनी सुट्या वह्या मागितल्या तेव्हा मात्र गिऱ्हाईक विजया उचलू लागले. चारही बाजूंनी उतरणाऱ्या पायऱ्यांची तिची आकृती सर्वांत भरगच्च आहे. नंदा मागे राहिली. सुटी विक्री बंद करावी, असे भावाचे मत पडले. ते मला पटले नाही, कारण वही ही रोज वापरायची वस्तू आहे आणि एक वही संपल्यावर दुसरी एकच वही घ्यायला येणाऱ्याला परत पाठवणे बरोबर नाही. चित्रकर्तीने मधला मार्ग काढला आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या फ्रेममध्ये दोन जागा विजयेला आणि प्रत्येकी एक भद्रा व जयेला द्यायची, संचांसाठी नंदेच्या शिल्लक वह्या वापरायच्या, आणि त्या संपतील त्याच वेळी नंदेचे चित्र नव्याने काढायचे. एकाच प्रवेशाची ती बारव वरून न दाखवता पहिल्या पायरीवर उभे राहून खाली पाहताना दिसते तशी काढावी, असा तिचा विचार आहे. कागद आणि शाया त्याच राहतील.